डिस्ट्रिक्ट हीटिंग आणि सहनिर्मितीने कार्बन खरंच घटतो का?

प्रश्न असा आहे: थंड प्रदेशातल्या शहरांत पाणी एका ठिकाणी तापवून जमिनीखालच्या पाइपांतून घरोघरी फिरवतात, याला डिस्ट्रिक्ट हीटिंग म्हणतात. बऱ्याचदा ते पाणी वीजनिर्मितीतल्या उष्णतेवरच तापवलं जातं, म्हणजे सहनिर्मिती किंवा को-जन. याने कार्बन उत्सर्जन खरंच घटतं, की कोळसा आणि गॅसची केंद्रं आणखी काही वर्षं चालू ठेवायला शोधलेली ही सबब आहे?

घटतं. पण कुठे, केव्हा आणि कशाच्या तुलनेत हे न सांगता दिलेला आकडा मी तरी जाहिरातीत धरतो. उष्णतेची जाळी आखणं आणि चालवणं हे माझं काम, आणि माझ्या मते या वादातला बराचसा गोंधळ दोन वेगळ्या गोष्टी एकत्र मोजल्यामुळे होतो. जाळं म्हणजे पाइप. पाइपाला स्वतःचा कार्बन जवळजवळ नसतो. टोकाला काय जोडलंय त्यावर सगळं ठरतं. सहनिर्मिती म्हणजे ते टोक भरण्याचा एक मार्ग, आणि तिचा फायदा ती कोणती वीज बाजूला सारते यावर अवलंबून असतो. इंटरनॅशनल एनर्जी एजन्सीच्या हिशोबाने २०२२ मध्ये जगभरातल्या इमारती आणि उद्योगांना लागलेल्या उष्णतेपैकी सुमारे ९ टक्के अशा जाळ्यांतून आली, आणि तिच्यातली जवळपास ९० टक्के जीवाश्म इंधनांतून, मुख्यतः चीन आणि रशियात. तेव्हा ‘डिस्ट्रिक्ट हीटिंग आहे, म्हणजे स्वच्छ आहे’ हे समीकरण आधी डोक्यातून काढून टाका.

आता सहनिर्मितीचं मूळ गणित. औष्णिक वीजकेंद्रात टर्बाइनमधून बाहेर पडलेली वाफ कंडेन्सरमध्ये थंड होते. तिथून निघणारं पाणी जेमतेम ३०-३५ अंशांचं असतं, घर तापवायला ते कुणाच्या उपयोगी पडत नाही, म्हणून ती उष्णता कूलिंग टॉवरवाटे हवेत किंवा नदी-समुद्रात जाते. कोळशाच्या चांगल्या केंद्रातही इंधनातल्या १०० भाग ऊर्जेपैकी वीज होते ती ४० च्या आसपास. ‘मग वाया जाणारी उष्णता घरांना द्या की’, असं लोक सहज म्हणतात. पण ती आहे तशी उचलून देता येत नाही. वाफ टर्बाइनमधून थोडी आधी, जास्त दाबावर असतानाच काढून घ्यावी लागते, तेव्हा कुठे पाणी ८०-९० अंशांपर्यंत तापतं. ही वाफ शेवटच्या टप्प्यात जी वीज करणार होती, ती बुडते. ९० अंशांच्या आसपास पाणी हवं असेल तर साधारण ६ ते ७ युनिट उष्णतेमागे १ युनिट वीज जाते.

या एका गुणोत्तरात सहनिर्मितीची सगळी बाजू आली. घरातला हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली किंवा पाण्यातली उष्णता विजेवर खेचून आत आणणारं यंत्र, १ युनिट विजेत ३ युनिट उष्णता देतो. वीजकेंद्र १ युनिट विजेचा त्याग करून ६-७ देतं. कोळशाच्या केंद्रातून विजेच्या एका युनिटमागे ०.९ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो असं धरलं, तर अशा उष्णतेच्या एका युनिटवर सुमारे ०.१४ किलो चढतो. घरातला गॅस बॉयलर युनिटमागे ०.२२ किलो सोडतो. म्हणजे कोळशाच्या केंद्रातली उष्णता गॅस बॉयलरपेक्षा स्वच्छ! ऐकायला विचित्र वाटतं, पण हिशोब बरोबर आहे. अट एकच: ते केंद्र विजेसाठी तसंही चालणारच होतं, असं असलं पाहिजे.

ही अट अनेक ठिकाणी मोडते. शहराला उष्णता द्यायची म्हणून कोळशाचं केंद्र रात्रंदिवस चालू ठेवावं लागलं, तर त्याचा सगळा कार्बन उष्णतेच्या नावावर टाकायला हवा. चीनच्या ईशान्य भागात हिवाळ्यात नेमकं हेच होत आलंय. घरं गार पडू नयेत म्हणून सहनिर्मितीची केंद्रं बंद करता येत नाहीत, त्यांची वीज ग्रिडमध्ये येतच राहते, आणि वारा जोरात असताना पवनचक्क्या थांबवाव्या लागतात. इथे सहनिर्मितीने इंधन वाचवलं, पण स्वच्छ विजेची वाट अडवली.

गॅसवर चालणाऱ्या इंजिनाचं गणित आकड्यांत मांडतो, कारण नव्या प्रस्तावांत बहुधा तेच असतं. १०० युनिट गॅस जाळला, त्यातून ४० युनिट वीज आणि ४५ युनिट उष्णता मिळाली. गॅसच्या युनिटमागे ०.२ किलो धरला तर उत्सर्जन २० किलो. हीच उष्णता ९० टक्के कार्यक्षमतेच्या बॉयलरने केली असती तर ५० युनिट गॅस, म्हणजे १० किलो. राहिली ४० युनिट वीज. ती कोळशाच्या ग्रिडमधून आली असती तर ३६ किलो; एकूण ४६ विरुद्ध २०, निम्म्याहून जास्त बचत. ती ५५ टक्के कार्यक्षमतेच्या गॅस केंद्रातून आली असती तर एकूण साडेचोवीस विरुद्ध २०. बचत आहे, पण कुणी त्यासाठी फीत कापणार नाही. आणि ग्रिडची वीज युनिटमागे ०.१ किलोवर आली असेल, तर वेगवेगळ्या मार्गाने १४ किलो, सहनिर्मितीने २०. इथे सहनिर्मितीच जास्त घाण करते.

समतोल कुठे येतो तेही पाहा. तुलना गॅस बॉयलरशी असेल तर ग्रिडच्या विजेचं उत्सर्जन युनिटमागे ०.२५ किलोच्या खाली गेलं की गॅस सहनिर्मितीचा फायदा संपतो. तुलना १ युनिट विजेत ३ युनिट उष्णता देणाऱ्या हीट पंपाशी असेल तर ती रेषा ०.३६ किलोवर येते. बहुतेक प्रकल्प-अहवाल फक्त बॉयलरशी तुलना करतात, आणि तीही आजच्या ग्रिडशी. संच वीस वर्षं चालणार असतो. ग्रिड त्या वीस वर्षांत जागच्या जागी बसून राहत नाही. त्यात गॅस इंजिनांतून थोडा मिथेन न जळताच धुराड्यातून सुटतो. शंभर वर्षांच्या हिशोबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ ते ३० पट तापवतो, त्यामुळे वरची रेषा आणखी वर सरकते. अहवालात हा मिथेन धरला आहे का, ते जरूर विचारा. बहुधा नसतो.

युरोपीय संघालाही हे उशिरा का होईना पटलं. ‘उच्च कार्यक्षमतेची सहनिर्मिती’ म्हणवून घ्यायला पूर्वी मुख्य कसोटी होती ती वेगवेगळ्या निर्मितीच्या तुलनेत किमान १० टक्के प्राथमिक ऊर्जा, म्हणजे मुळात लागणारी इंधनातली ऊर्जा, वाचवण्याची. २०२३ च्या सुधारित ऊर्जा-कार्यक्षमता निर्देशात जीवाश्म इंधनावरच्या सहनिर्मितीसाठी मिळणाऱ्या एकूण ऊर्जेच्या युनिटमागे २७० ग्रॅम थेट उत्सर्जनाची मर्यादा आली. कोळशाचं नवं केंद्र त्यात बसवणं जवळपास अशक्य आहे. गॅस आरामात बसतो.

मग पाइपांवर पैसा का घालायचा? कारण पाइप टोकाच्या संचापेक्षा जास्त टिकतो. लंडनमधल्या पिम्लिको वसाहतीला १९५० पासून थेम्सपलीकडच्या बॅटरसी वीजकेंद्रातली उष्णता नदीखालून येत असे. बॅटरसी १९८३ मध्ये कायमचं बंद झालं. पिम्लिकोचं जाळं दुसऱ्या उष्णतेवर चालूच राहिलं. स्वीडनमध्ये १९७० च्या दशकात जाळी बहुतांश तेलावर होती. पुढे तेल महागलं, १९९१ मध्ये कार्बन कर आला, आणि त्याच पाइपांत लाकडाचा भुसा, फांद्या-साली आणि शहरी कचऱ्याची उष्णता वाहू लागली. लाखो घरांत जाऊन लाखो बॉयलर बदलावे लागले नाहीत; काही डझन केंद्रांत इंधन बदललं. कार्बन कमी करण्यात डिस्ट्रिक्ट हीटिंगची खरी कामगिरी ही आहे, आणि ती कोणत्याही एका वर्षाच्या कार्यक्षमतेच्या तक्त्यात दिसत नाही.

डेन्मार्कचं उदाहरण सगळे देतात, पण त्यातला महत्त्वाचा भाग गाळून. १९७३ च्या तेलसंकटात त्या देशाची ऊर्जा जवळजवळ पूर्णपणे आयात तेलावर होती. १९७९ च्या उष्णतापुरवठा कायद्याने नगरपालिकांना नकाशा हातात घेऊन ठरवायला लावलं की या भागात जाळं येणार आणि त्या भागात गॅस. जाळ्याच्या भागात जोडणी बंधनकारक करण्याचा अधिकार पालिकेला मिळाला, आणि त्याबदल्यात उष्णता कंपन्यांना नफा कमवायला मनाई झाली; खर्च निघेल तेवढाच दर. आज तिथली जवळपास दोन तृतीयांश घरं जाळ्यावर आहेत, कोपनहेगनमध्ये तर जवळजवळ सगळीच. टर्बाइन तिथेही तेच आहेत जे इतरत्र आहेत. फरक नियोजनाचा आहे. एका गल्लीतली निम्मी घरं जोडली आणि निम्मी नाही, तर खोदकामाचा खर्च तोच आणि बिल भरणारे निम्मे. मक्तेदारी द्यायची आणि नफ्याला वेसण घालायची नाही, हा उलटा प्रकारही मी पाहिलाय. तिथे ग्राहक जाळ्याचाच द्वेष करायला लागतात आणि पुढची वीस वर्षं कुणी नव्या जोडणीचं नाव काढत नाही.

आता तापमानाबद्दल, कारण कार्बनची लढाई प्रत्यक्षात तिथेच जिंकली किंवा हरली जाते, आणि लेखांत हा भाग नेमका नसतो. एखाद्या मोठ्या निवासी इमारतीच्या तळघरातलं सबस्टेशन, म्हणजे जाळ्यातली उष्णता इमारतीत घेण्याची जागा, डोळ्यांसमोर आणा. भिंतीतून दोन जाड, इन्सुलेशन चढवलेले पाइप आत येतात. एकातून ८० अंशांचं पाणी येतं, प्लेट हीट एक्स्चेंजरमधून जाऊन इमारतीच्या पाण्याला उष्णता देतं, आणि दुसऱ्यातून परत जातं. आराखड्यात परतीचं तापमान ४० लिहिलेलं असतं. थर्मामीटर ५८ दाखवतो. घरं गरम आहेत, कुणाची तक्रार नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं कुणी बघतही नाही. शोधायला गेलं की कारण क्षुल्लक निघतं: कुणीतरी एक बायपास व्हॉल्व्ह अर्धवट उघडा ठेवलाय आणि गरम पाणी काही काम न करताच परतीच्या पाइपात मिसळतंय, किंवा वरच्या मजल्यांवरच्या रेडिएटरांचा प्रवाह कधी नीट बसवलाच नाही.

याची किंमत मोजा. १ मेगावॉट उष्णता द्यायला ४० अंशांच्या फरकाने सेकंदाला ६ लिटर पाणी पुरतं. २२ अंशांच्या फरकाने ११ लिटर लागतं. त्याच पाइपातून जवळजवळ दुप्पट पाणी ढकलायचं, आणि पंपाला लागणारी शक्ती प्रवाहाच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने ती सहापट होते. पुरेसं पाणी जात नाही म्हणून मग केंद्रातून पाठवायचं तापमान ८० वरून ९५ करतात. तापमान वाढलं की टर्बाइनमधली वीज जास्त बुडते, पाइपांतून जमिनीत जाणारी उष्णता वाढते, आणि भुशाच्या बॉयलरच्या धुरातली वाफ थंड करून जी जादा उष्णता मिळवायची, ती परतीचं पाणी गार नसल्यामुळे मिळत नाही. सगळं एका व्हॉल्व्हपायी. म्हणूनच डेन्मार्कमध्ये अनेक कंपन्या परतीच्या तापमानावरून बिलात सूट देतात किंवा दंड लावतात. नव्या केंद्रावर पैसे घालण्याआधी माणसं पाठवून तळघरं तपासा, असं मी सांगतो तेव्हा बैठकीत फारसा उत्साह दिसत नाही. तळघराचं उद्घाटन करता येत नाही, हे त्यामागचं कारण असावं.

तापमान खाली आणणं आता आणखी महत्त्वाचं झालंय, कारण नवे स्रोत थंड आहेत. न्यूयॉर्कमध्ये १८८२ पासून वाफच वाहते. त्यानंतर शंभर अंशांवरचं दाबाखालचं पाणी आलं, मग शंभरच्या खालचं, आणि आता ५०-७० अंशांवर चालणाऱ्या जाळ्यांचा आग्रह धरला जातो. घरातल्या गरम पाण्यात लिजिओनेला जिवाणू वाढू नयेत म्हणून साठवलेलं पाणी ५५-६० अंशांवर ठेवावं लागतं, त्यामुळे याच्याही खाली जायचं तर घरात वेगळी सोय करावी लागते. पण ९० वरून ६५ वर आलात तरी सांडपाणी, समुद्र, डेटा सेंटर असे स्रोत मोठ्या हीट पंपांना परवडायला लागतात. हेलसिंकीत एका बागेखाली २००६ पासून हीट पंपांचं केंद्र शुद्ध केलेल्या सांडपाण्यातून उष्णता काढतंय, आणि त्याच यंत्रांतून शहराला कूलिंगही देतंय. त्या शहराने हानासारीचं कोळसा केंद्र २०२३ मध्ये आणि साल्मिसारीचं २०२५ मध्ये बंद केलं. डेन्मार्कमधल्या एस्ब्यर्ग बंदरात कोळशाच्या केंद्राची जागा घेणाऱ्या संचांत समुद्राच्या पाण्यावर चालणारे मोठे हीट पंप आहेत. आइसलंडमधल्या रेक्याविकला स्रोत शोधण्याचा प्रश्न आज पडत नाही; जमिनीतूनच गरम पाणी येतं.

कचरा जाळणारी केंद्रं आणि जैवइंधन यांच्याबाबत मी सावध आहे. कोपनहेगनच्या आमागर बाक्के केंद्राच्या छतावर स्कीइंगची उतरण आहे म्हणून त्याचे फोटो सगळीकडे फिरतात, पण भट्टीत जाणाऱ्या कचऱ्यात प्लास्टिक असतं आणि प्लास्टिक म्हणजे खनिज तेलच. उकिरड्यावर मिथेन सोडण्यापेक्षा जाळून उष्णता घेणं बरं, एवढं नक्की. ‘कार्बनमुक्त’ म्हणू नये, आणि भट्टी भरायला दुरून कचरा आणायला लागलो तर थांबून विचार करावा. लाकडाचंही तसंच: सॉ मिलचा भुसा एक गोष्ट, उष्णतेसाठी उभं झाड तोडणं दुसरी. साखर कारखान्यांतलं बगॅसवरचं, म्हणजे उसाच्या चोथ्यावरचं, को-जन मात्र या सगळ्यात सरस बसतं, कारण इंधन दारातच तयार होतं आणि रस आटवायला वाफेची गरज त्याच आवारात असते. पाइप टाकायचा प्रश्नच नाही.

पाइप कुठे टाकू नये हेही सांगायला हवं. घरं विरळ असतील तर जाळं हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. दाट वस्तीत चांगल्या जाळ्यात १० टक्क्यांच्या आसपास उष्णता जमिनीत जिरते. विखुरलेल्या वस्तीत ती २५-३० टक्क्यांवर जाते, आणि उन्हाळ्यात फक्त अंघोळीच्या पाण्यासाठी पाइप तापवत ठेवताना त्याहून वर. अशा ठिकाणी प्रत्येक घरात हीट पंप बसवा आणि विषय संपवा. थंडाव्यासाठी उष्णता वापरण्याच्या योजनांबाबतही हात आखडता घ्यावा: उष्णतेवर चालणारं थंडाव्याचं यंत्र, म्हणजे साधा ॲब्सॉर्प्शन चिलर, १ युनिट उष्णतेत ०.७ युनिट थंडावा देतो, विजेवरचा मोठा चिलर १ युनिटमध्ये ५-६. उष्णता खरोखरच फेकून दिली जाणार असेल तरच तो हिशोब जमतो.

कार्बनच्या आकड्यांवर विश्वास ठेवण्याआधी एक गोष्ट तपासा: उत्सर्जन वीज आणि उष्णतेत कसं वाटलंय? वरच्याच इंजिनाचे २० किलो घ्या. ऊर्जेच्या प्रमाणात वाटले तर उष्णतेच्या युनिटवर ०.२४ किलो येतो, म्हणजे बॉयलरपेक्षाही वाईट. डेन्मार्कमध्ये वापरात असलेल्या १२५ टक्क्यांच्या रीतीने वाटले, म्हणजे उष्णता जणू १२५ टक्के कार्यक्षमतेने तयार झाली असं मानलं, तर ०.१६. आणि बाजूला सारलेल्या कोळशाच्या विजेचं सगळं श्रेय उष्णतेला दिलं तर आकडा शून्याच्या खाली जातो. जितकी उष्णता वापराल तितकी हवा शुद्ध! इंजिन तेच, धूर तोच. दोन शहरांची तुलना करणारा तक्ता दिसला की मी आधी तळटीप वाचतो.

सहनिर्मितीला पुढे जागा आहे का? आहे, पण कामाचं स्वरूप बदलेल. जाळ्याला मोठी टाकी जोडली की उष्णता आणि वीज यांच्या वेळा सुट्या होतात. १ घनमीटर पाण्यात ४० अंशांच्या फरकाने ४६ युनिट उष्णता मावते, आणि पाणी बॅटरीच्या मानाने कवडीमोल आहे. डेन्मार्कमधल्या व्होयेन्स गावाने जमिनीतल्या खड्ड्यात २ लाख घनमीटर पाणी साठवलंय. उन्हाळ्यात पाणी तापवणाऱ्या सौर पॅनेलांनी तापवायचं आणि थंडीत वापरायचं. अशी साठवण हाताशी असली की वारा भरपूर असताना हीट पंप आणि इलेक्ट्रिक बॉयलर टाकी भरतात, आणि वारा पडून विजेची ओढाताण सुरू झाली की सहनिर्मितीचा संच सुरू करायचा. तेव्हा तो ग्रिडमधली सगळ्यात घाण वीज बाजूला सारत असतो, म्हणून तेव्हाच त्याचं गणित जमतं. जर्मनीतल्या कील शहरात २०१९ मध्ये कोळशाच्या केंद्राऐवजी २० गॅस इंजिनं याच विचाराने बसवली: एक मोठा संच नको, पटकन चालू-बंद होणारे छोटे हवेत. वर्षाला काही हजार तास चालणाऱ्या अशा संचाला मी विरोध करणार नाही. अखंड चालायच्या अटीवर मांडलेल्या गॅसच्या संचाला करतो.

संचाचा आकार ठरवताना मात्र सगळ्यात थंड दिवसाची मागणी डोळ्यांसमोर ठेवू नका. ती मागणी वर्षातून मोजके तास असते. कमाल मागणी १०० मेगावॉट असेल तर ४०-५० मेगावॉटचा मुख्य स्रोत वर्षभरातली ८० ते ९० टक्के उष्णता देतो, मग तो हीट पंप असो वा सहनिर्मिती. उरलेली कडाक्याच्या दिवसांची उष्णता जुन्या बॉयलरांना करू द्या. त्यांच्याऐवजी आज नवी यंत्रणा घेण्यात जो पैसा जाईल, त्यात शहरातली सगळी तळघरं तपासून होतील आणि परतीचं पाणी १०-१५ अंशांनी खाली येईल.